पिवळ्या ठिपक्यांची साक्ष

सावंगी (मेघे) येथे वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधातले रंगीत पान लेसर प्रिंटरवर छापून घेतले, तर त्याने दिले तेवढेच कागदावर उमटले, असे आपण धरून चालतो. पुष्कळदा ते खरे नसते.

याचे मूळ आहे नोटांत. आपल्याकडे नाशिक रोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. नोटेचे जलचिन्ह कागद बनतानाच त्यात येते, आणि हुबेहूब नकल करायला पूर्वी मोठे कसब लागे. रंगीत कॉपी यंत्रे आली आणि ते कसब एका बटणावर आले. सरकारे धास्तावली. तेव्हा १९८०च्या दशकाच्या मध्यास झेरॉक्स कंपनीने यंत्रालाच आपली ओळख पानावर छापायला लावले. पुढे इतरही कंपन्यांनी तेच केले. गिऱ्हाइकाला मात्र कुणी सांगितले नाही!

ही लिपी उलगडली २००५ साली, अमेरिकेतल्या 'इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन'ने. झेरॉक्सच्या 'डॉक्युकलर' यंत्राच्या पानांवर १५ स्तंभ आणि ८ ओळींची ठिपक्यांची जाळी पुन्हा पुन्हा येते. ठिपका जेमतेम ०.१ मिलिमीटरचा, पिवळा, म्हणून पांढऱ्यावर दिसत नाही. वाचायची ती द्विमान पद्धतीने. स्तंभातल्या खालच्या सात जागांच्या किमती ६४, ३२, १६, ८, ४, २, १. मिनिटांच्या स्तंभात १६ आणि ४ च्या जागी ठिपके असले तर २० मिनिटे. ठिपके दोन, म्हणजे सम झाले. म्हणून सर्वांत वर एक जादा देऊन संख्या विषम करतात. एखादा ठिपका पुसला गेला तर चूक लगेच कळते. तास, तारीख आणि यंत्राचा अनुक्रमांक असाच लिहिलेला असतो.

२०१७ साली अमेरिकेत रिॲलिटी विनर हिने फोडलेला गुप्त अहवाल प्रसिद्ध झाला. त्यावरचे ठिपके वाचकांनीच वाचले: ९ मे २०१७, सहा वाजून वीस मिनिटे. तपासात ती सापडली ती मुख्यतः कार्यालयातल्या छपाईच्या नोंदींवरून. पण गुप्त कागद फोडणाऱ्याच्या विरुद्ध कागदच साक्ष देऊ शकतो, हे त्या दिवशी जगाला कळले. नोटा छापणाऱ्यासाठी लावलेला सापळा सर्वांच्याच पानांवर बसला आहे, हे मला खटकते.

वर्गात पाहायचे असेल तर रंगीत लेसर प्रिंटरचे पान अंधारात निळ्या एलईडीखाली धरा आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. पिवळा रंग निळा प्रकाश शोषतो, त्यामुळे ठिपके काळे दिसतात. कोरा भाग निवडा, आणि पान रंगीत यंत्राचेच असू द्या.