डर्टी हॅरी
डॉन सीगल दिग्दर्शित अमेरिकन पोलीसपट (१९७१). सॅन फ्रान्सिस्कोचा इन्स्पेक्टर हॅरी कॅलाहन (क्लिंट ईस्टवुड) ‘स्कॉर्पिओ’ या माथेफिरू खुन्याच्या मागावर असतो. स्कॉर्पिओचे पात्र प्रत्यक्षातील झोडियाक खुन्यावर बेतलेले. वॉरंटविना झडती घेऊन, रिकाम्या स्टेडियमवर खुन्याच्या जखमी पायावर बूट रोवून हॅरी त्याला बोलते करतो. साहजिकच पुरावा बाद ठरतो, आरोपी सुटतो. प्रेक्षकाचा संताप कायद्याकडे वळवण्याची ही पटकथेची चलाखी. शेवटी स्कॉर्पिओला गोळी घालून हॅरी आपला बिल्ला पाण्यात भिरकावतो. समीक्षक पॉलिन केल यांनी चित्रपटात फॅसिस्ट वृत्ती पाहिली. पुढच्या ‘मॅग्नम फोर्स’मध्ये (१९७३) हॅरी गुन्हेगारांना परस्पर संपवणाऱ्या वाहतूक पोलिसांविरुद्धच उभा राहतो, ती बरीचशी सारवासारवच होती.