भटजींच्या मागोमाग झाशीत

नागपूरचं ऊन तुमच्या अंगवळणी पडलेलं आहे ना? मग चला, चैत्रातल्या झाशीत शिरू. साल 1858. गाडी नाही, सोबत आहेत वरसईचे विष्णुभट गोडसे. घरचं कर्ज फेडायचं, म्हणून बायजाबाई शिंद्यांच्या मथुरेतल्या यज्ञाची दक्षिणा मिळवायला चुलत्याबरोबर पायीच निघालेले. वाटेतच 1857चं बंड पेटलं आणि ते येऊन अडकले इंग्रजांनी झाशीला घातलेल्या वेढ्यात.

जमीन हादरते, छपरातली माती तुमच्या डोक्यावर पडते. तोफेचा आवाज कानात नाही, छातीत ऐकू येतो. दारूच्या धुराने घसा खरवडून निघालाय. रात्री तांबडेलाल गोळे आभाळातून येताना दिसतात आणि अख्खी गल्ली श्वास रोखते : हा कुणाच्या घरावर?

मग शहर पडतं. जळक्या लाकडांचा, जळक्या माणसांचा वास. इतक्यात तिथून निसटू नका, भटजींसारखे अंधारात अंग चोरून बसा. बाहेर बुटांचे आवाज. लुटीच्या पहिल्या फेरीत सोनं-चांदी जाते, पुढच्या फेऱ्यांत तांब्या-पितळेची भांडी, कपडे, शेवटी धान्यसुद्धा. राणीचा ग्रंथसंग्रहही गेला. एवढ्या मरणातही भटजी त्या पोथ्यांसाठी हळहळतात. मला हा माणूस आवडतो तो इथेच.

आता काल्पीची वाट, एक विहीर. धुळीने माखलेला, पठाणी वेशातला एक स्वार तहानेने व्याकूळ होऊन उतरतो. जवळ जाऊन बघा, ती लक्ष्मीबाई आहे. भटजी पाणी काढायला पुढे होतात, पण विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढावं हे तिला पटत नाही. मातीचं मडकं ती स्वतःच विहिरीत सोडते आणि ओंजळीने पाणी पिते.

दक्षिणा वाटेत लुटली गेली. भटजी घरी पोचले ते खांद्यावर गंगेची कावड घेऊन. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं. पंचवीसेक वर्षांनी चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी सगळं लिहून काढलं, पण आपल्या हयातीत छापायचं नाही या अटीवर. ‘माझा प्रवास’ 1907 साली छापून आलं, तेही वैद्यांनी बराच हात फिरवून. भटजींचा मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली प्रसिद्ध केला. वाचायचं तर तोच वाचा, शक्यतो मोठ्याने.