राज्यपाल आणि आपल्या वाट्याचे पाणी

नवे राज्यपाल आले, की पुढील काळाचे मनोरथ सांगतात. आपला बुलढाण्याचा शेतकरी म्हणतो, "आपल्याला त्याचं काय? कारभार तर मंत्र्यांचा!" पण मंडळी, महाराष्ट्रात गोष्ट थोडी निराळी आहे.

विदर्भाला न्याय्य वाटा देण्याचे वचन 1953 च्या नागपूर करारात होते. 1956 साली घटनेच्या कलम 371 मध्ये, ही जबाबदारी राज्यपालांवर सोपवण्याची सोय झाली. सोय कागदावरच राहिली. 1984 साली दांडेकर समितीने अनुशेष, म्हणजे कोणता जिल्हा किती मागे राहिला, हे मोजून दाखवले. 1993 साली आलेले राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांच्या काळात, 1994 मध्ये, राष्ट्रपतींचा आदेश निघाला अन् विकास मंडळे उभी राहिली. पुढे निधिवाटपाचे निर्देश राज्यपाल देऊ लागले.

तरी सिंचनात बुलढाणा मागेच. 2020 मध्ये मंडळांची मुदत संपली. पूर्णेवरचा जिगाव प्रकल्प 2024 पर्यंतही पुरा झाला नव्हता. कलम मात्र घटनेत कायम आहे.

तेव्हा गुरुजी, ते कलम मुलांना समजावून सांगा. आणि शेतकरीदादा, नव्या राज्यपालांना तुम्ही एवढेच विचारा : "साहेब, आमच्या वाट्याचं पाणी कधी?"