इनामगाव : ताम्रपाषाणयुगीन लोकजीवन

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठचे ताम्रपाषाणयुगीन वसतिस्थान. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर प्रभृतींच्या मार्गदर्शनाखाली येथे विस्तृत उत्खनन केले. त्यात माळवा (इ. स. पू. सु. १६००–१४००), पूर्व जोर्वे (सु. १४००–१०००) व उत्तर जोर्वे (सु. १०००–७००) असे तीन कालखंड आढळले.

पूर्व जोर्वे काळातील घरे आयताकृती व कुडाच्या भिंतींची होती. सातू हे मुख्य पीक असून पुराचे पाणी बांध घालून कालव्यात वळवीत. पाच खोल्यांचे एक घर व त्यालगतचे धान्यकोठार यांवरून गावप्रमुख धान्यरूपाने कर घेत असावा, असे अनुमान निघते. कुंभार, सोनार आदी कारागीर वस्तीच्या पश्चिम भागात राहत. मृतांना घरातील जमिनीखालीच पुरत. मुलांना तोंडास तोंड लावलेल्या दोन कुंभांत, तर प्रौढांना सामान्यतः घोट्याखालचे पाय तोडून. मृताने घर सोडून जाऊ नये, हा त्यामागील हेतू असावा.

इ. स. पू. १००० च्या सुमारास पर्जन्यमान घटून शेती खालावली, असे ढवळीकरांचे मत आहे. प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, पशुपालन व शिकार यांवरील भिस्त वाढली आणि अखेर वस्ती उठली.