न दिसणारी शाई आणि आपले डोळे

लहानपणी लिंबाच्या रसाने कागदावर लिहून तो दिव्यावर धरायचा, हा उद्योग आपल्यापैकी बहुतेकांनी केला असेल. तिथे मजकूर लपवायचा असतो. आज आपण ज्या अदृश्य शाईबद्दल बोलणार आहोत, तिला मजकूर लपवायचाच नसतो. मग ती काय लपवते?

सुरुवात १८०० सालापासून करू. विल्यम हर्शेल हे पेशाने मुळात संगीतकार. युरेनस ग्रह शोधणारे ते हेच. लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडून त्यांनी एकेका रंगात तापमापी ठेवला. आणि गंमत पाहा, तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे पारा सर्वांत जास्त चढला! डोळ्यांची साक्ष अपुरी असते असं आम्ही तत्त्वज्ञानवाले फार पूर्वीपासून म्हणत होतो. हर्शेलनी ते अंशांत मोजून दाखवलं. याच किरणांना आपण अवरक्त म्हणतो.

आता शाईकडे या. काजळीची शाई अवरक्त प्रकाश शोषून घेते, म्हणून तो प्रकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्याला ती काळीच दिसते. मायफळ आणि हिराकस यांची शाई मात्र त्याच प्रकाशात फिकी पडते, पुरेशा लांब तरंगलांबीला जवळजवळ नाहीशीच होते. कागदावर तर दोन्ही सारख्याच काळ्या! जुन्या लिखाणात दुसऱ्या शाईने कोणी मागाहून घुसडलेला शब्द यामुळेच उघडा पडू शकतो.

नोटा छापणाऱ्यांनी हाच फरक मुद्दाम कामाला लावला. २०१३ पासून आलेल्या मालिकेतली युरोची नोट घ्या. अवरक्त प्रकाशात तिच्या पुढच्या बाजूला हिरवा चमकता आकडा, मुख्य चित्राचा उजवा भाग आणि रुपेरी पट्टी एवढंच दिसतं. मागे फक्त किंमत आणि आडवा क्रमांक. बाकीची कमान, पूल, सगळं गायब. म्हणजे नोट सर्वांसमोर उघडी आहे. लपवला आहे तो तिच्या खरेपणाचा पुरावा, आणि तो वाचतं यंत्र.

आम्हाला इथे अडखळायला होतं. पैसा हा शेवटी परस्परांवरचा विश्वास, आणि ज्याच्या हातात नोट आहे त्यालाच तिची ही खूण वाचता येत नाही. हाताला लागणारी उठावाची छपाई, पाण्याचा ठसा या खुणा अजून आपल्यासाठी आहेत, हे खरं. पण वाद झाला की कोणाचं ऐकतात? मागे एका काउंटरवर नोटा मोजायच्या यंत्राने आमची एक नोट बाहेर टाकली. आम्ही चष्मा पुसून ती उलटसुलट पाहिली, काउंटरवरच्या मुलानेही पाहिली. "काका, मला तर बरोबरच वाटतेय," तो म्हणाला, आणि त्याने ती नोट परत आमच्या हातात दिली.