नावाचा सातबारा

यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावाच्या नावाची गावे महाराष्ट्रात इतरत्रही आहेत. सरकारी दफ्तरात तालुका-जिल्हा लिहिला की घोळ मिटतो. इंटरनेटवरचे नाव, म्हणजे डोमेन, मात्र एकालाच मिळते; म्हणून अनेकांनी ती प्लॉटसारखी घेऊन ठेवली. ही तुलना फसवी आहे. ‘रेडिफ’ने ‘रॅडिफ’विरुद्ध दाद मागितली तेव्हा, 1999 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने डोमेनला ट्रेडमार्कइतकेच संरक्षण दिले. 2004 मध्ये ‘सिफी’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही ट्रेडमार्कचेच निकष लावले. आधी पैसे घातले त्याने जोखीम घेतली, हा आक्षेप सर्वसामान्य शब्दापुरता रास्त; दुसऱ्याने कमावलेल्या नावावर डल्ला मारणाऱ्याला तो शोभत नाही. शिवाय नूतनीकरणाचे पैसे थकले की डोमेन हातचे जाते. सातबारा असा कुठे जातो? आणि हा प्रश्न गावापासूनही दूर नाही: 2014 पासून ‘डॉट भारत’मुळे बाभुळगावच्या दुकानदारालाही देवनागरीत डोमेन नोंदवता येते.