चौकामागे चौक: टोपकापीची कुळकथा

युरोपातले राजवाडे दर्शनी भागानेच माणसाला दिपवतात. इस्तंबूलच्या टोपकापीला तसा दर्शनी भागच नाही. आहेत ते एकामागे एक चार चौक, आणि त्यांच्या कडेने वेळोवेळी उभ्या राहिलेल्या बैठ्या इमारती.

ऑटोमन सुलतान मेहमद दुसरा याने 1453 मध्ये शहर जिंकलं आणि पहिला राजवाडा भरवस्तीत बांधला. पण 1459 च्या सुमारास त्याने समुद्रात घुसलेल्या टेकाडावर नव्या राजवाड्याचं काम काढलं. पुढे त्याच्याच कायदेसंहितेत नियम आला, की सुलतानाने आप्तांखेरीज कुणाच्या पंगतीला बसू नये. राज्यकर्ता जितका कमी दिसेल तितका त्याचा दरारा मोठा. माझ्या मते या वाड्याचा खरा नकाशा हा नियमच आहे.

पहिल्या चौकात प्रजेला मुभा होती. दुसऱ्या दरवाजाशी, बाब-उस-सलामपाशी, सुलतान सोडून सगळ्यांनी घोड्यावरून उतरायचं. आत एका बाजूला मुदपाकखाने. 1574 च्या आगीनंतर सिनान या थोर वास्तुकाराने ते पुन्हा उभारले. त्यांची उंच धुराडी समुद्रावरूनही ओळखू येतात. दुसऱ्या बाजूला कुब्बेआल्ती, म्हणजे घुमटाखालचा दिवाणखाना. इथे वजीर कारभार पाहत. मेहमदने पुढे स्वतः दरबारात बसणं सोडलं. मग सुलतानासाठी भिंतीत उंचावर जाळीची खिडकी आली. जाळीमागे तो आहे की नाही, हे खाली बसलेल्या वजिरांना कळत नसे. गैरहजेरीतूनही धाक निर्माण करणारी अशी जागा मला दुसरी माहीत नाही.

तिसरा दरवाजा, बाब-उस-सआदा, ओलांडताच समोर भेटीचा महाल येतो. परदेशी वकिलांची धाव तिथपर्यंतच. त्यापलीकडे खासगी खोल्या, खजिना आणि राज्यकारभारासाठी मुलं घडवणारी एन्देरून शाळा. जनानखाना सोळाव्या शतकात इथे वाढत गेला. 1665 च्या आगीत त्याचा बराच भाग जळाला आणि पुन्हा बांधला गेला. चौथ्या चौकातल्या बागेत मुराद चौथ्याने येरेवान आणि बगदादच्या विजयांप्रीत्यर्थ दोन देखणे मंडप उभारले.

1856 मध्ये सुलतान अब्दुलमजीद समुद्रकाठच्या दोल्माबाहचे राजवाड्यात राहायला गेला. तो युरोपीय धाटणीचा आहे, दर्शनी भागासकट. टोपकापीचं 1924 मध्ये संग्रहालय झालं. तिथे गेलात तर जडजवाहिरांकडे धाव घेण्याआधी कुब्बेआल्तीत थांबा आणि मान वर करून ती जाळी पाहा.